पात्रात द्रव उरला आहे का?

दहा लिटरचे, हवा पूर्ण काढून टाकलेले एक बंद पात्र आहे. तापमान २५ अंश सेल्सिअस. त्यात एक ग्रॅम पाणी सोडले आणि थोडा वेळ जाऊ दिला. आता पात्रातला दाब किती?

अकरावीच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला की बहुतेक मुले एकाच वाटेने निघतात. एक ग्रॅम भागिले अठरा, म्हणजे ०.०५५५ मोल. मग पीव्ही बरोबर एनआरटी. उत्तर येते सुमारे १०३ मिलिमीटर पारा. आकडेमोडीत कुठेही चूक नाही, एकके बरोबर, तापमानही आठवणीने केल्विनमध्ये घेतलेले. तरीही उत्तर खऱ्याच्या चौपटीहून मोठे आहे. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब २३.८ मिलिमीटर आहे आणि त्या पात्रातला दाब तिथेच थांबतो. एका ग्रॅमपैकी जेमतेम ०.२३ ग्रॅम पाण्याची वाफ होते, बाकीचे ०.७७ ग्रॅम पाणी तळाशी तसेच राहते.

द्रवाचा बाष्पदाब वायुनियमांच्या आधारे कसा काढायचा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. आतली गणिते वरवर पाहता वेगवेगळ्या जातींची वाटतील: कुठे हवेचे बुडबुडे आहेत, कुठे पाण्यावर गोळा केलेला हायड्रोजन, कुठे मे महिन्यातली नागपूरची हवा. पण प्रत्येक गणित सोडवायला घेताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न एकच आहे: पात्रात द्रव उरला आहे का?

उरला असेल, तर दाब ठरवण्याचा अधिकार द्रवाचा आणि तापमानाचा. वायुनियमाकडे मग एवढेच काम राहते, की त्या दाबाला त्या जागेत बाष्पाचे किती मोल मावले ते सांगायचे. द्रव संपला असेल, तर बाष्प हा इतर कुठल्याही वायूसारखा वायू. त्याच दहा लिटरच्या पात्रात एक ग्रॅमऐवजी ०.१ ग्रॅम पाणी सोडले तर ते सगळे उडून जाते, दाब १०.३ मिलिमीटर येतो, आणि इथे पीव्ही बरोबर एनआरटी बिनधास्त वापरावे. समीकरण दोन्हीकडे तेच आहे. पहिल्या गणितात दाब आधीच ठरलेला आहे आणि मोल शोधायचे आहेत. दुसऱ्यात मोल ठरलेले आहेत आणि दाब शोधायचा आहे. वायुनियम दाब आणि रेणूंची संख्या यांचा हिशेब जुळवून देतो. द्रवातून किती रेणू बाहेर पडावेत, यावर त्याची काहीही सत्ता नाही. ही गोष्ट जितक्या लवकर पक्की होईल तितके पुढचे सगळे सोपे जाते, म्हणून मी ती इतक्या आग्रहाने सांगतो आहे.

या सत्तेची मर्यादा कुठून येते? द्रवाच्या पृष्ठभागावरचे जे रेणू पुरेशा वेगाने निघालेले असतात ते सुटून बाष्पात जातात. बाष्पातले काही रेणू पृष्ठभागावर आदळून पुन्हा द्रवात अडकतात. सुटणाऱ्यांची संख्या तापमानावर अवलंबून असते, परतणाऱ्यांची बाष्पात गर्दी किती आहे त्यावर. दोन्ही संख्या सारख्या झाल्या की बाष्प संपृक्त झाले. तेव्हाचा दाब म्हणजे बाष्पदाब. आता पात्राला दट्ट्या असता आणि आपण जागा दाबून निम्मी केली असती तर? बॉइलच्या नियमाची सवय झालेला विद्यार्थी म्हणेल की दाब दुप्पट होईल. पण गर्दी वाढताच परतणारे रेणू वाढतात, निम्मे बाष्प द्रवात उतरते आणि दाब पुन्हा २३.८ मिलिमीटरवर येऊन बसतो. बॉइलचा नियम इथे मोडलेला नाही. तो ठरावीक मोलसंख्येसाठी आहे, आणि इथे मोलसंख्याच बदलली.

हे सगळे ज्याने पहिल्यांदा नीट पाहिले तो जॉन डाल्टन. आपल्याकडे डाल्टन म्हणजे अणुसिद्धांत, एवढीच ओळख शाळेतून मिळते. मला तो आधी हवामानाचा माणूस म्हणून महत्त्वाचा वाटतो. १७८७ मध्ये त्याने हवेची रोजची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालू ठेवली. हवेत पाणी असते म्हणजे नेमके काय असते, हा प्रश्न त्याच्या मागे लागला तो या नोंदींतून. त्या काळी अनेक मोठ्या रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की मीठ पाण्यात विरघळावे तसे पाणी हवेत विरघळते. म्हणजे बाष्पीभवनाला हवा लागतेच.

डाल्टनने वायुदाबमापकाची नळी घेतली, एका टोकाला बंद असलेली आणि पाऱ्याने भरलेली. ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी केली की वर निर्वात पोकळी राहते. त्या पोकळीत त्याने थोडेसे पाणी जाऊ दिले. पाणी पाऱ्यावर तरंगत वर पोचले, त्यातले काही उडाले आणि पाऱ्याचा स्तंभ खाली उतरला. किती उतरला तेवढा बाष्पदाब. भोवती रुंद नळी बसवून तिच्यात कोमट, गरम असे वेगवेगळ्या तापमानांचे पाणी भरले की प्रत्येक तापमानाचा आकडा मिळत गेला. मग त्याने हाच प्रश्न पोकळीऐवजी कोरड्या हवेला विचारला. हवेत पाणी गेल्यावर दाब जितका वाढला, तो पोकळीत मिळालेल्या आकड्याइतकाच होता. हवा असो वा नसो, बाष्पाला तिची पर्वा नव्हती. ऑक्टोबर १८०१ मध्ये मँचेस्टरच्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे त्याने हे निबंध वाचले. आंशिक दाबांचा नियम म्हणून आपण जो पाठ करतो तो याच कामातून आला. बाष्पदाब आणि वायुनियम यांचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

डाल्टनने आणखी एक नियम मांडला होता: आपापल्या उत्कलनबिंदूपासून सारख्याच अंशांवर असलेल्या सगळ्या द्रवांचा बाष्पदाब सारखा असतो. तो टिकला नाही. पुढच्या पिढ्यांनी अधिक काटेकोर मोजमापे केल्यावर तो खोटा ठरला. या कामात सर्वांत चिवट माणूस फ्रान्सचा हेन्री व्हिक्टर रेन्यो. १८४७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे वाफेच्या दाबाचे तक्ते वाफेच्या इंजिनांच्या अभियंत्यांनी पुढे कित्येक दशके वापरले.

पाऱ्याची नळी आज शाळा-महाविद्यालयांतून हद्दपार होत आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून या पुस्तिकेत मुख्य भर दुसऱ्या पद्धतीवर आहे. तिला दाबमापक लागत नाही, तराजू लागतो. ठरावीक आकारमानाची कोरडी हवा द्रवातून सावकाश जाऊ द्यायची, ती बाष्पाने संपृक्त होऊन बाहेर पडते, आणि द्रवाचे वजन किती घटले ते पाहायचे. वजनातून मोल, मोलांतून दाब. वायुनियम इथे तराजू आणि दाब यांच्यामधला पूल होतो.

एक उदाहरण सावकाश पाहू. ७६० मिलिमीटर दाबाची, ३० अंश तापमानाची २० लिटर कोरडी हवा त्याच तापमानाच्या पाण्यातून सोडली आणि पाणी ०.६३३ ग्रॅमने घटले. ०.६३३ ग्रॅम म्हणजे ०.०३५१ मोल बाष्प. इथवर सगळे सारखेच येतात. पुढे घाई करणारा विद्यार्थी आकारमान २० लिटर धरतो, समीकरणात घालतो आणि ३३.२ मिलिमीटर उत्तर काढतो. पण २० लिटर हे पाण्यात शिरणाऱ्या हवेचे आकारमान आहे. बाहेर पडणाऱ्या मिश्रणात हवेशिवाय बाष्पही आहे, एकूण दाब मात्र बाहेरच्या हवेइतकाच, म्हणजे ७६०. जास्त रेणू, तोच दाब. म्हणून मिश्रण फुगून २०.९ लिटरच्या आसपास होते. सरळ वाट अशी: हवेचे मोल ०.८०४, बाष्पाचे ०.०३५१, एकूण ०.८३९. बाष्पाचा हिस्सा ०.०४१९, आणि डाल्टनच्या नियमाने ७६० चा तेवढाच हिस्सा म्हणजे ३१.८ मिलिमीटर. तक्त्यातला आकडाही हाच आहे. दोन उत्तरांतला १.४ मिलिमीटरचा फरक लहान दिसतो. पण ७० अंशांना हीच चूक केली तर उत्तर पार हाताबाहेर जाते, कारण तिथे बाष्पाचा हिस्सा जवळजवळ एक तृतीयांश असतो.

कागदावर हे दोन मिनिटांत होते. प्रयोगाच्या टेबलावर मात्र द्रव पदोपदी परीक्षा घेतो. ०.६३३ ग्रॅम पाणी उडायला सुमारे दीड हजार ज्यूल उष्णता लागते. शोषकुपीत ५० ग्रॅम पाणी असेल आणि बाहेरून उष्णता पोचली नाही, तर एवढे पाणी उडेपर्यंत ते सुमारे सात अंशांनी थंड होईल, आणि २३ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब २१ मिलिमीटर आहे, ३२ नाही. म्हणून कुपी ३० अंशांवर राखलेल्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि हवा हळू सोडायची. जोरात सोडली तर दोन गोष्टी बिघडतात: हवा संपृक्त न होताच निघून जाते, किंवा बुडबुडे फुटताना पाण्याचे सूक्ष्म तुषार तिच्याबरोबर जातात आणि वजनाची घट खोटीच वाढते. संपृक्तता पुरती झाली की नाही हे ओळखण्याची एक सुंदर खूण आहे. पहिल्या कुपीच्या पुढे तशीच दुसरी कुपी जोडा. पहिलीने आपले काम चोख केले असेल तर दुसरीचे वजन घटत नाही.

बारावीच्या पुस्तकात ऑस्टवाल्ड आणि वॉकर यांच्या नावाने जी पद्धत येते तिचे तत्त्वही हेच. कोरडी हवा आधी द्रावणातून, मग शुद्ध द्रावकातून आणि शेवटी कॅल्शिअम क्लोराइडच्या नळीतून जाते. द्रावणाच्या कुपीतली घट द्रावणाच्या बाष्पदाबाच्या प्रमाणात, द्रावकाच्या कुपीतली घट उरलेल्या फरकाच्या प्रमाणात, आणि कॅल्शिअम क्लोराइडची वाढ म्हणजे या दोन घटींची बेरीज. सूत्र पाठ करायची गरजच नाही. हवा कुठे किती बाष्प घेते हे बोटाने रेखाटले की ते आपोआप समोर येते.

पाण्यावर वायू गोळा करण्याचे गणित सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. ३० अंशांना हायड्रोजन गोळा केला आणि बाष्पाचे ३१.८ मिलिमीटर वजा करायला विसरलो, तर हायड्रोजनचे मोल चार टक्क्यांहून अधिक जास्त धरले जातात. याहून मोठी चूक आपल्याकडे दुसरीच होते: बाहेरचा दाब डोळे मिटून ७६० लिहिला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथला वायुदाबमापक ७१० मिलिमीटरच्या आसपास दाखवतो. पुण्यातल्या प्रयोगशाळेत ७६० लिहिणे म्हणजे प्रयोग मुंबईच्या किनाऱ्यावर झाला असे लिहिण्यासारखे आहे. प्रयोगवहीत पहिल्या ओळीत त्या दिवसाचा दाब हवा, यावर मी ठाम आहे.

बाष्पाला आदर्श वायू मानणे कुठवर चालते? नेहमीच्या तापमानाला अगदी निर्धास्तपणे. १०० अंशांच्या संपृक्त वाफेची घनता आदर्श वायूच्या हिशेबाने दर लिटरला ०.५८८ ग्रॅम येते, प्रत्यक्षात ती ०.५९८ आहे. दीड-पावणेदोन टक्क्यांचा फरक. बहुतेक कामांना हरकत नाही. त्यापुढे तापमान जसे चढते तसे बाष्पाचे रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि हिशेब ढळत जातो. ३७४ अंशांना तर पाणी आणि बाष्प यांतला भेदच संपतो, मग बाष्पदाब हा शब्दही उरत नाही.

वायुनियम आणखी एका ठिकाणी आहे, आणि तिथे तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तापमानाबरोबर बाष्पदाब कसा वाढतो याचे समीकरण क्लॅपेरॉनने १८३४ मध्ये मांडले. क्लॉशियसने १८५० मध्ये त्यात दोन सोयी केल्या: बाष्पापुढे द्रवाचे आकारमान नगण्य मानले, आणि बाष्पाचे आकारमान आदर्श वायूच्या नियमाने लिहिले. त्यामुळे ते समीकरण हातात धरण्याजोगे झाले. तरी डोळसपणा हवाच. पाणी १०० अंशांना ७६० मिलिमीटर दाब देते आणि एक मोल उडायला तिथे ४०.७ किलोज्यूल लागतात, एवढ्यावरून ३० अंशांचा बाष्पदाब काढला तर ३६.७ मिलिमीटर येतो. खरा आकडा ३१.८. कारण थंड पाण्याचे रेणू सोडवायला जास्त उष्णता लागते, ३० अंशांना मोलामागे ४३.८ किलोज्यूल. दोन्हींची सरासरी घेतली की उत्तर ३३ च्या जवळ येते. पुस्तिकेतल्या चौथ्या प्रकरणात हा हिशेब पायरीपायरीने आहे.

आता प्रयोगशाळेच्या दाराबाहेर. समजा, मे महिन्यात नागपुरात तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे. मुंबईत ३२ अंश आणि ७५ टक्के. ४४ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ६८ मिलिमीटर, त्याचे १५ टक्के म्हणजे १०. मुंबईत ३५.७ चे ७५ टक्के म्हणजे जवळजवळ २७. वायुनियमाने हे दाब ग्रॅममध्ये उतरवले तर नागपूरच्या एका घनमीटर हवेत नऊ ग्रॅमच्या आसपास पाणी, मुंबईच्या हवेत पंचवीस. पण खरी गोष्ट वजाबाकीत आहे. नागपूरच्या हवेत अजून ५८ मिलिमीटर बाष्पाला जागा आहे, मुंबईच्या हवेत फक्त ९. विदर्भात वाळ्याच्या ताट्या आणि कूलर उन्हाळा सुसह्य करतात आणि मुंबईत तोच कूलर खोली नुसती दमट करतो, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे. पुण्यात ज्या वेधशाळेला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथले कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमापक हाच बाष्पदाब मोजण्याचे साधन आहेत. ओल्या फुग्यावरचे पाणी जितके वेगाने उडेल तितका पारा खाली राहतो, आणि त्या फरकावरून हवेतल्या बाष्पाचा दाब काढता येतो.

आणि एक गणित असे आहे, जे मला या पुस्तिकेतले सगळ्यात महत्त्वाचे वाटते. पाऱ्याचा बाष्पदाब २० अंशांना फक्त ०.१६ पास्कल आहे, पाण्याच्या जवळजवळ पंधरा हजारावा भाग. आकडा पाहून कुणालाही वाटेल, काय होते एवढ्याने. वायुनियम लावा. बंद खोलीत पारा सांडून राहिला आणि हवा संपृक्त झाली, तर एका घनमीटरमध्ये सुमारे १३ मिलिग्रॅम पारा असेल. औद्योगिक आरोग्याचे निकष ठरवणारी अमेरिकेतली संस्था एसीजीआयएच कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम सांगते. म्हणजे पाचशेपटींहून अधिक. प्रत्यक्षात खोलीची हवा खेळती असते आणि संपृक्तता क्वचितच येते, हे खरे. पण फुटलेल्या तापमापकातला पारा फरशीच्या फटीत गेला, आता तो दिसत नाही, म्हणजे संपला असे कुणी म्हटले, तर विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न पुन्हा तोच: द्रव उरला आहे का? फटीत थेंब आहे तोवर बाष्पाचा पुरवठा चालू आहे.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले अकरावीत हा विषय इंग्रजीतून शिकतात आणि पुष्कळदा समजण्याऐवजी सूत्रे साठवू लागतात. त्यांच्यासाठी ही गणिते मराठीत मांडली आहेत. दाब मिलिमीटर पारा आणि पास्कल अशा दोन्ही एककांत दिला आहे, कारण परीक्षेत पहिले येते आणि पुढच्या अभ्यासात दुसरे. शेवटी ० ते १०० अंशांपर्यंत पाण्याच्या बाष्पदाबाचा तक्ता जोडला आहे. पहिल्या प्रकरणातल्या प्रयोगाला लागणाऱ्या वस्तू, म्हणजे दोन शोषकुप्या, कॅल्शिअम क्लोराइडची नळी, मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा तराजू आणि हवा ओढून घ्यायला तोटी असलेली पाण्याची मोठी बाटली, कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बहुधा मिळतात. बाटलीतून जितके पाणी गळेल तितकी हवा कुप्यांतून ओढली जाते, त्यामुळे हवेचे आकारमान वेगळे मोजावे लागत नाही. मात्र बाटलीतली हवाही पाण्याच्या सान्निध्यात असते, तेव्हा तिच्यातल्या बाष्पाचा दाब वजा केल्याशिवाय कोरड्या हवेचे मोल मिळणार नाहीत. हा प्रयोग आधी करावा आणि मगच दुसरे प्रकरण उघडावे.